पुसण्यासाठीच काढलेली रेघ

२०२०च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि पाहता पाहता गावोगावच्या किराणा दुकानांपुढे, औषधांच्या दुकानांपुढे, बँकांच्या दारात वर्तुळे आणि चौकोन उमटले. लोकांनी एकमेकांपासून अंतर ठेवून उभे राहावे, एवढेच त्यांचे काम होते. कुणी ती फक्कीने आखली, कुणी रांगोळीने, कुणी खडूने, तर कुणी हाताशी होता म्हणून ऑइलपेंटने. फक्कीची वर्तुळे दोन-चार दिवसांत पायांखाली विरली आणि पुन्हा पुन्हा काढावी लागली. ऑइलपेंटची वर्तुळे निर्बंध उठल्यावरही तशीच राहिली. एकीकडे कामाआधीच खूण संपली, दुसरीकडे काम संपले तरी खूण उरली. आपल्या रस्त्यांवर, मैदानांवर आणि भिंतींवर ही विसंगती सतत दिसते. गेल्या वर्षीच्या शर्यतीचे बाण, केव्हाच बुजवलेल्या खोदाईचे आकडे, पार पडलेल्या संमेलनाच्या दिशादर्शक खुणा तशाच पडून असतात. खडूच्या भुकटीचा फवारा, म्हणजे बाजारात मिळणारा चॉक स्प्रे, हे मधले अंतर भरून काढू पाहतो. त्याच्या डब्यावर ‘तात्पुरता’, ‘पाण्याने निघणारा’ असे लिहिलेले असते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. भुकटी किती घट्ट बांधली आहे, ती कशावर पडली आहे, ती कशाने निघणार आहे आणि ती काढायची जबाबदारी कुणाची, या चार गोष्टींवर खुणेचे आयुष्य ठरते. यातली पहिली गोष्ट कारखान्यात ठरते, उरलेल्या तिन्ही वापरणाऱ्याच्या हाती असतात. म्हणून तात्पुरतेपणा डब्याबरोबर विकत मिळत नाही, तो आधी आखावा लागतो, असे माझे म्हणणे आहे.

तात्पुरती खूण कशी असावी याचा एक जवळजवळ निर्दोष नमुना फुटबॉलच्या मैदानावर पाहायला मिळतो. फ्री किकच्या वेळी बचाव करणाऱ्या खेळाडूंनी चेंडूपासून ९.१५ मीटर, म्हणजे दहा यार्ड, दूर उभे राहायचे असते, आणि ते हळूहळू पुढे सरकतात ही जुनी तक्रार. त्यावर तोडगा म्हणून पंच कमरेचा डबा काढतात आणि गवतावर फेसाची पांढरी रेघ ओढतात. ब्राझील आणि अर्जेंटिना इथल्या कल्पक लोकांनी घडवलेला हा फवारा २०१४च्या ब्राझीलमधल्या विश्वचषकात जगभर पोहोचला. त्यात बहुतांश पाणी असते, जोडीला ब्यूटेन वायू आणि फेस आणणारा थोडा पदार्थ. डब्यातून बाहेर पडताच द्रवरूप ब्यूटेनची वाफ होते, पाण्यात असंख्य बुडबुडे तयार होतात आणि ते प्रकाश विखुरतात म्हणून रेघ पांढरी दिसते. मिनिटा-दोन मिनिटांत बुडबुडे फुटतात आणि मागे ओले गवत राहते. फ्री किक तेवढ्या वेळात घेऊन झालेली असते. इथे आधी खुणेचे काम किती वेळाचे आहे ते पाहिले गेले आणि मग त्या मापाचा पदार्थ घडवला गेला. खडूच्या स्प्रेकडे जाताना हीच कसोटी हाताशी ठेवावी. मात्र त्याच्या खुणेला मिनिटांऐवजी दिवस काढायचे असतात, आणि तिथून गुंतागुंत सुरू होते.

या डब्यात मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटची अतिशय बारीक भुकटी असते. खडूचा नैसर्गिक खडक याच पदार्थाचा. डायनोसॉरच्या काळातल्या समुद्रांत तरंगणाऱ्या सूक्ष्म शैवालांची चुनेदार कवचे तळाशी साचत गेली आणि त्यांतून इंग्लंडच्या डोव्हर किनाऱ्यावरचे पांढरे कडे उभे राहिले. शाळेतला खडू अनेकदा जिप्समचा, म्हणजे कॅल्शियम सल्फेटचा असतो, आणि आपली पांढरी रांगोळी शिरगोळ्यासारखा मऊ दगड दळून करतात. तेव्हा पांढरी भुकटी हे काही नवे द्रव्य नव्हे. डब्यात या भुकटीबरोबर हवा तो रंग, भुकटी वाहून नेणारे पाणी किंवा अल्कोहोलसारखा उडून जाणारा द्रव, दाबाखाली द्रव झालेला वायू आणि भुकटी धरून ठेवणारा चिकट पदार्थ असतो. या शेवटच्या घटकाला रंगाच्या धंद्यात बाइंडर म्हणतात. तो डब्यात सर्वांत कमी असतो, पण खुणेचे आयुष्य त्याच्यावर अवलंबून असते.

हे समजण्यासाठी चुन्याने सफेदी केलेली भिंत पाहावी. तिच्यावरचा पांढरा थरही शेवटी कॅल्शियम कार्बोनेटच असतो, पण तो वर्षानुवर्षे टिकतो. भिजवलेला चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड. तो भिंतीवर ओला लावला की हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत त्याचे कॅल्शियम कार्बोनेट होते, आणि त्याचे स्फटिक भिंतीच्या छिद्रांतच वाढतात व एकमेकांत गुंततात. खडूच्या स्प्रेमध्ये तेच द्रव्य तयार कणांच्या रूपात येते. कण आधीच बनलेले असल्यामुळे ते भिंतीत रुजत नाहीत, नुसते तिच्यावर येऊन बसतात. त्यांना धरून ठेवायला थोडी खळ लागते, आणि ती मुद्दाम अपुरी ठेवलेली असते. जुन्या पद्धतीच्या साध्या डिस्टेंपरला पाठ टेकली की सदऱ्यावर पांढरे उमटते, त्याचे कारणही हेच. त्यात खडूची पूड भरपूर आणि सरस बेताचा असतो. रंगाच्या शास्त्रात या गोष्टीला नेमके माप आहे. एका ठरावीक प्रमाणापर्यंत बाइंडर कणांमधल्या सगळ्या फटी भरतो आणि सलग पापुद्रा तयार होतो. कण त्याहून वाढले की फटी रिकाम्या राहतात, थर सच्छिद्र होतो आणि बोट फिरवले तरी भुकटी सुटते. या उंबरठ्याचे सूत्रबद्ध विवेचन १९४९ साली ॲस्बेक आणि व्हॅन लू या संशोधकांनी केले. ऑइलपेंट त्या उंबरठ्याच्या अलीकडे असतो, खडूचा स्प्रे बराच पलीकडे. घराच्या रंगात जो दोष मानतात, तोच इथे गुण म्हणून वापरला आहे.

यातून व्यवहाराच्या उपयोगाची एक गोष्ट निघते. खडू पाण्याने निघतो, पण तो पाण्यात विरघळत नाही. एक लिटर शुद्ध पाण्यात कॅल्शियम कार्बोनेट जेमतेम १३ ते १५ मिलिग्रॅम विरघळते, म्हणजे चिमटीएवढीही पूड नाही. पाणी बाइंडरला मऊ करते आणि सुटलेले कण वाहून नेते. कण सुटण्यासाठी मात्र घासण्याचा, झाडण्याचा किंवा पाण्याच्या जोराचा धक्का लागतो. म्हणून खुणेवर नुसती बादली ओतणे हा साफ करण्याचा मार्ग नव्हे. त्यात फसगतही होते. ओतलेल्या पाण्यात खूण नाहीशी झाल्यासारखी दिसते, आणि फरशी वाळली की पुन्हा उमटते. कोरड्या भुकटीत कणांच्या मध्ये हवा असते आणि त्या हवेच्या व कणांच्या सीमेवर प्रकाश जोरात विखुरतो, म्हणून ती पांढरी दिसते. तिथे पाणी शिरले की हे विखुरणे एकदम कमी होते आणि थर पारदर्शक भासतो. तेव्हा खूण गेली का, हे नेहमी वाळल्यावर पाहावे. आधी कोरड्या कुंच्याने किंवा खराट्याने झाडावे, मग थोडे पाणी घालून ब्रशने घासावे, वाळू द्यावे आणि पुन्हा पाहावे. या क्रमाने पाणीही कमी लागते. एप्रिल-मे महिन्यांत टँकरवर अवलंबून असलेल्या गावात रस्त्यावरचे चित्र धुण्यासाठी पाणी वापरणे ही साधी गोष्ट नसते.

डब्याची रचनाही समजून घ्यावी, कारण रेघ बिघडण्याची बहुतेक कारणे तिच्यात असतात. दाबलेल्या वायूने द्रव फवारण्याच्या डब्याची कल्पना नॉर्वेचे अभियंते एरिक रोथाइम यांनी १९२०च्या दशकात मांडली. डब्यातून रंग फवारण्याची सुरुवात १९४९ साली अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातील एडवर्ड सिमोर यांनी केली. घर तापवणाऱ्या रेडिएटरसाठी त्यांना ॲल्युमिनियमचा रंग दाखवायचा होता. पुढे अनेक दशके अशा डब्यांत क्लोरोफ्लुरोकार्बन वायू वापरले गेले. ओझोनच्या थराची हानी लक्षात आल्यावर आणि १९८७चा माँट्रियल करार झाल्यावर ते मागे पडले, आणि आज बहुतांश डब्यांत प्रोपेन-ब्यूटेनसारखे, स्वयंपाकाच्या गॅसच्या कुळातले वायू असतात. डब्यात ते दाबाखाली द्रव असतात. रंग बाहेर पडला की रिकाम्या जागेत थोडा द्रव उकळून वायू होतो, त्यामुळे दाब शेवटपर्यंत जवळजवळ सारखा राहतो. खडूची भुकटी मात्र पाण्याच्या पावणेतीन पट जड असते आणि तळाशी बसते. डब्यातली खुळखुळणारी गोळी ती पुन्हा ढवळण्यासाठीच असते. डबा मिनिटभर नीट हलवला नाही तर आधी पाणचट रेघ येते आणि नंतर चाळणीसारख्या बारीक तोंडात भुकटी अडकते. काम झाल्यावर उभ्याने वापरायचा डबा उलटा धरून क्षणभर दाबला की तोंडातून निव्वळ वायू जातो आणि ते मोकळे होते. जमिनीवर आखणी करण्यासाठीचे काही डबे मुळातच उलटे धरून वापरायचे असतात, त्यांना हा नियम लागू नाही. चित्र काढताना डबा वीतभर किंवा थोडा अधिक दूर धरून पातळ हात फिरवावेत. जाड थर अधिक टिकाऊ होत नाही, तो ओघळतो, साच्याच्या कडेखाली शिरतो आणि पृष्ठभागाच्या छिद्रांत अधिक खोल जातो.

दुसरी बाब पृष्ठभागाची, आणि तिथे डब्यावरची हमी सर्वाधिक वेळा फसते. काच, चकचकीत टाइल किंवा पॉलिश केलेला ग्रॅनाइट यांवरची खूण ओल्या फडक्याने जाते, कारण कणांना लपायला जागा नसते. डांबरी रस्ता काळा आणि खरखरीत. खडीच्या मधल्या खाचांत भुकटी बसते, पण डांबर पाणी शोषत नाही, त्यामुळे ताठ ब्रशने ती निघते. सिमेंट काँक्रीट, पेव्हर ब्लॉक, उघडी वीट आणि कोकणातला जांभा यांची गोष्ट वेगळी. जांभ्याच्या दगडाला जागोजागी भोके असतात आणि काँक्रीटमध्ये केसाहून बारीक नळ्या. ओला रंग त्यांत खेचला जातो, पाणी उडून जाते आणि कण आत राहतात. पांढरा रंग तांबड्या जांभ्यावर धुरकट डाग ठेवतो. भडक फ्लुरोसंट छटा अधिक त्रास देतात, कारण त्यांचा रंग खडूचा नसतो, रंगद्रव्य मुरवलेल्या राळेच्या सूक्ष्म कणांचा असतो. इथे घाईने ॲसिड किंवा व्हिनेगर ओतण्याचा मोह होतो. आम्लाने कॅल्शियम कार्बोनेट फसफसून विरघळते हे खरे. पण आपल्याकडची शहाबादी, कोटा आणि कडप्पा या तिन्ही फरश्या चुनखडीच्याच आहेत, संगमरवरही त्याच जातीचा. खडू खाणारे आम्ल फरशीही खाते आणि कायमचा निस्तेज चट्टा पडतो. तेव्हा आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यात तळहाताएवढा ठिपका मारावा, खूण जितके दिवस ठेवायची तितके दिवस तो उन्हापावसात राहू द्यावा, मग झाडून, घासून, वाळवून पाहावा. ठिपका गेला नाही, तर मोठे चित्रही जाणार नाही.

यावर एक आक्षेप हमखास येतो. एवढा खटाटोप कशाला, पाऊस पडला की जाईल आपोआप. हे आश्वासन ज्या हवामानात तयार झाले, ते आपले नाही. लंडन आणि पुणे यांच्या वार्षिक पावसात फार तफावत नाही. दोन्ही आकडे साधारण ६०० ते ७५० मिलिमीटरच्या आसपास येतात. फरक आहे तो वाटणीत. लंडनला हा पाऊस बारा महिने थोडा थोडा पडतो. पुण्यात त्याचा फार मोठा भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून जातो. तिथे खूण कधीही काढली तरी येत्या आठवड्या-दोन आठवड्यांत पाण्याचा हात फिरण्याची शक्यता असते. आपल्याकडे दिवाळीत, हिवाळ्यातल्या मॅरेथॉनमध्ये किंवा जानेवारीतल्या स्नेहसंमेलनात काढलेली खूण जूनपर्यंत पावसाचे तोंड बघत नाही. त्या काळात तिच्यावर धूळ बसते, वाहनांच्या चाकांचे तेल मिसळते आणि ऊन तिला सुकवत राहते. छज्ज्याखाली, पुलाखाली, स्टँडच्या शेडमध्ये तर पावसाळ्यातही पाणी पोहोचत नाही. महाराष्ट्रात ‘पावसाने जाईल’ असे म्हणणे म्हणजे वर्षातले आठ महिने ‘कुणीतरी पुसेल’ असे म्हणणे होय.

हमीवर विसंबल्यास काय होते, याचे नोंदलेले उदाहरण अमेरिकेत आहे. २००१ सालच्या एप्रिलमध्ये आयबीएम कंपनीने लिनक्स या संगणकप्रणालीच्या जाहिरातीसाठी शिकागो आणि सॅन फ्रान्सिस्को इथल्या फुटपाथांवर शांततेचे चिन्ह, हृदय आणि पेंग्विन अशी तीन चित्रे साच्याने ठिकठिकाणी उमटवली. वापरलेला रंग आपोआप विघटन होणारा खडू असून तो सहज जाईल, अशी कल्पना होती. तो गेला नाही. सॅन फ्रान्सिस्को शहराला दंड आणि सफाईचा खर्च मिळून कंपनीला एक लाख डॉलरहून अधिक रक्कम मोजावी लागली. या प्रसंगात रंगाचा दोष किती आणि काँक्रीटचा किती, हा प्रश्न तितका महत्त्वाचा नाही. शेकडो खुणा काढण्याची योजना तपशीलवार होती, त्या पुसण्याची योजना मात्र केवळ आशेवर होती. आधी एका फुटपाथच्या कोपऱ्यात ठिपका मारून पाहिला असता, तर हा खर्च वाचला असता.

आणखी एक आक्षेप वेगळ्या दिशेने येतो, आणि मला तो वजनदार वाटतो. आपल्याकडे फक्की आहे, रांगोळी आहे, गेरूत बुडवलेले सूत ताणून रेघ मारण्याची सुतारांची आणि गवंड्यांची पद्धत आहे. मग वायू भरलेला लोखंडी डबा कशाला हवा? याचे उत्तर कामागणिक वेगळे आहे. कबड्डीचे १३ बाय १० मीटरचे किंवा खो-खोचे मैदान मातीत आखायचे असेल, तर फक्कीला तोड नाही. मातीवर स्प्रेचा थर टरफलासारखा उठतो आणि पैसे वाया जातात. फक्की दगडाच्या पुडीची असावी, चुन्याची नसावी, एवढी काळजी मात्र घ्यावी. भिजवलेल्या चुन्याच्या द्रावणाचा सामू १२च्या वर असतो. पडलेल्या खेळाडूच्या डोळ्यात किंवा खरचटलेल्या गुडघ्यावर तो भाजल्यासारखी इजा करतो. खडूची पूड या बाबतीत निरुपद्रवी. अंगणातल्या रांगोळीलाही स्प्रेची गरज नाही, चिमटीतून सुटणारी बारीक रेघ कुठलाही डबा काढू शकत नाही. स्प्रेची खरी जागा जिथे भुकटी टिकत नाही तिथे आहे. उभी भिंत, वाऱ्याचा पूल, दोन-चार दिवस वाहने जाणारा डांबरी रस्ता, काँक्रीटचे बास्केटबॉल मैदान एका दिवसापुरते दुसऱ्या खेळासाठी आखणे, रंगमंचावर नटांच्या जागा दाखवणे, साच्याने एकच चिन्ह पन्नास ठिकाणी उमटवणे, ही ती कामे. ज्या खुणेला फक्कीपेक्षा जास्त आणि ऑइलपेंटपेक्षा कमी जगायचे आहे, तिच्यासाठी हा डबा आहे.

अशा खुणांत सर्वांत उपयोगी आहेत खोदाईपूर्वीच्या खुणा. जमिनीखाली विजेच्या तारा, गॅसच्या नळ्या, पाण्याची वाहिनी, मैलावाहिनी आणि इंटरनेटच्या तारा एकमेकींशेजारून जातात, आणि जेसीबीच्या दातांना त्यांतला फरक कळत नाही. अमेरिकेत यासाठी रंगांची ठरलेली भाषा आहे. लाल म्हणजे वीज, पिवळा गॅस किंवा तेल, नारिंगी दूरसंचार, निळा पिण्याचे पाणी, हिरवा सांडपाणी, गुलाबी मोजणीच्या तात्पुरत्या खुणा आणि पांढरा म्हणजे इथे खोदायचे आहे. भारतात २०२३च्या मार्चमध्ये केंद्र सरकारने ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप सुरू केले. खोदणाऱ्याने आधी कळवावे आणि ज्यांच्या वाहिन्या तिथे आहेत त्यांनी सावध करावे, हा त्याचा हेतू. ॲपवरची माहिती प्रत्यक्ष रस्त्यावर उतरते ती रंगाच्या रेघांनी. ही रेघ खोदाई होईपर्यंत स्पष्ट दिसली पाहिजे आणि खड्डा बुजल्यावर नाहीशी झाली पाहिजे, कारण जुनी रेघ पुढच्या खोदणाऱ्याची दिशाभूल करते. इथे न पुसलेली खूण केवळ कुरूप नसते, ती धोक्याची असते. म्हणून रस्त्याच्या कामाच्या निविदेत आखणीबरोबर आखणी पुसण्याचीही बाब असावी, असे मला ठामपणे वाटते.

सह्याद्रीतल्या वाटांनाही हाच विचार लागू पडतो. गडांवर जाणाऱ्या वाटांवर कातळावर मारलेले ऑइलपेंटचे बाण आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. वाट चुकून जीव धोक्यात येऊ नये हा त्यामागचा हेतू चांगलाच आहे, आणि कायमच्या वाटेला कायमची, विचारपूर्वक नेमलेली खूण असणे योग्यच. पण एका सकाळच्या डोंगरधावेसाठी मारलेले बाण दहा वर्षे तिथे राहावेत याला काही कारण नाही. अशा स्पर्धांनी डांबरी टप्प्यांवर खडूचा फवारा, मातीवर फक्की, झाडीत कापडी फिती, आणि संध्याकाळी मागून चालत येणारे, सगळे उचलून पुसणारे पथक, अशी व्यवस्था करावी. गडाच्या तटाला, पायऱ्यांना, लेण्यांच्या दगडाला आणि शिलालेखांच्या आसपास मात्र खडूचा फवाराही नको. केंद्राच्या संरक्षणाखालील स्मारकांना १९५८चा कायदा आहेच. पण कायद्यापलीकडचे कारण दगडाचे आहे. शेकडो वर्षे झिजून सच्छिद्र झालेल्या दगडात गेलेले कण काढायला जे घासणे लागते, त्याने दगडाचाच थर निघतो. तिथे खूण निघेल की नाही हा प्रश्नच गैरलागू, कारण निघाली तरी ती काहीतरी घेऊन जाते.

तात्पुरती खूण म्हणजे परवानगीची गरज नाही, हा समज सर्रास आढळतो. २०१३ साली अमेरिकेतल्या सान दिएगो शहरात बँकेसमोरच्या फुटपाथवर पाण्याने जाणाऱ्या खडूने निषेध लिहिणाऱ्या एका माणसावर मालमत्तेच्या नुकसानीचा खटला चालला आणि ज्यूरीने त्याला निर्दोष ठरवले. खडूने नुकसान होते काय, या प्रश्नावर लोकांची सहानुभूती कुठे असते हे त्यातून दिसते. पण तो निकाल इथे ढाल म्हणून वापरता येणार नाही. दिल्लीच्या २००७ सालच्या मालमत्ता विद्रूपण प्रतिबंधक कायद्यात शाई आणि रंग यांच्या बरोबरीने खडूचे नाव स्पष्ट लिहिलेले आहे, आणि एक वर्षापर्यंत कैद किंवा पन्नास हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. महाराष्ट्रातही १९९५ पासून विद्रूपणाला प्रतिबंध करणारा कायदा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी न्यायाचा प्रश्न उरतोच. भिंत ज्याची, फुटपाथ ज्यांचा, सफाई ज्यांना करावी लागणार, त्यांना विचारायला नको का? आपली ‘तात्पुरती’ खूण पुसण्याचे काम शेवटी पहाटे झाडू घेऊन निघालेल्या सफाई कामगारावर येते. जी खूण आपण स्वतः पुसणार नाही, तिला तात्पुरती म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही.

पर्यावरणाचा आक्षेपही टाळता येत नाही. कॅल्शियम कार्बोनेट स्वतः नाल्यात किंवा नदीत गेले तरी फारसे बिघडत नाही, नद्यांच्या पाण्यात ते नाही तरी असतेच. प्रश्न आहे तो डब्याचा आणि वायूचा. ब्रिटनमध्ये यॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ साली दाखवले की, तिथल्या एरोसोल डब्यांतून हवेत जाणारी बाष्पशील सेंद्रिय द्रव्ये देशातल्या सगळ्या मोटारींतून निघणाऱ्या अशा द्रव्यांपेक्षा जास्त झाली आहेत. त्यात सुगंधी फवाऱ्यांचा वाटा मोठा आहे, पण खडूचा स्प्रेही त्याच कुळातला. रिकामा वाटणाऱ्या डब्यातही थोडा वायू उरतो, त्यामुळे तो चिरडू, भोसकू किंवा जाळू नये. भारताच्या २०१६च्या घनकचरा नियमांत टाकून दिलेले रंगाचे डबे घरगुती घातक कचऱ्यात मोजले होते, तेव्हा तो ओल्या-सुक्यात न मिसळता वेगळा द्यावा. वायू ज्वलनशील आहे. दिवाळीत पणत्या लावलेल्या अंगणात किंवा होळीच्या आसपास स्प्रे मारणे म्हणजे आगीला आमंत्रण. नागपूर-चंद्रपूरच्या उन्हाळ्यात बंद गाडीत ठेवलेला डबा ५० अंशांची सुरक्षित मर्यादा सहज ओलांडतो. मुलांच्या हाती द्यायचा तर मोकळ्या हवेत, वाऱ्याकडे पाठ करून, तोंडाला मास्क बांधून आणि मोठ्यांच्या नजरेसमोर. हे सगळे मान्य करूनही माझे मत बदलत नाही, कारण या आक्षेपाचा अर्थ स्प्रे कधीच वापरू नये असा होत नाही, उगाच वापरू नये असा होतो. जे काम खडूच्या कांडीने किंवा फक्कीने होते तिथे डबा उघडू नये. शाळेच्या भिंतीवर एक दिवसाचे मोठे चित्र काढायचे असेल, तर स्प्रेचा एक डबा रंगाचा एक डबा आणि नंतर लागणारा पांढऱ्या रंगाचा दुसरा डबा यांच्या जागी येतो, हेही हिशेबात धरावे.

उरतो कलेचा प्रश्न. जे पुसले जाणार त्यासाठी एवढे कष्ट कशाला, असे वाटणाऱ्यांनी पंढरीच्या वाटेवर पालखीपुढे घातल्या जाणाऱ्या रांगोळ्यांच्या पायघड्या आठवाव्यात. त्या पुसल्या जाव्यात म्हणूनच काढलेल्या असतात, कारण त्यांच्यावरून पालखी जायची असते. इटलीत मांतुआजवळच्या ग्रात्सिए गावात १९७३ पासून दर ऑगस्टमध्ये रस्त्यावर खडूने देवादिकांची चित्रे काढणारे कलाकार जमतात आणि काही दिवसांत त्यांची चित्रे निघून जातात. सिडनीच्या आर्थर स्टेस यांनी १९३०च्या दशकापासून १९६७ साली मृत्यू होईपर्यंत शहराच्या फुटपाथांवर खडूने ‘एटर्निटी’ हा एकच शब्द लिहिला. प्रत्येक वेळी तो झिजला आणि ते पुन्हा लिहीत राहिले. २००० सालच्या पहिल्या क्षणी सिडनीच्या हार्बर पुलावर रोषणाईत तोच शब्द त्यांच्या हस्ताक्षरात झळकला. कलाकृतीचे मोल तिच्या द्रव्याच्या टिकाऊपणावर अवलंबून नसते, हे यातून दिसते. उलट जागा पुन्हा मोकळी होणार हे माहीत असल्यामुळे शाळा, सोसायटी किंवा नगरपालिका आपली भिंत नवख्या हातांना द्यायला तयार होते. चुकण्याची मुभा मिळते, आणि शिकणाऱ्याला तिच्याहून मोठी मदत कोणती?

तेव्हा खडूचा स्प्रे वापरण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत. या खुणेचे काम किती दिवसांचे? हा पृष्ठभाग ती परत सोडणार आहे, हे ठिपका मारून पाहिले का? ही जागा ज्यांची, त्यांनी होकार दिला का? आणि कोणत्या तारखेला, कोणाच्या हातांनी, कशाने ती पुसली जाणार? चारही उत्तरे हाती असतील, तर हा डबा आखणी करणाऱ्याचे, शिक्षकाचे, आयोजकाचे आणि चित्रकाराचे काम खरोखर सोपे करतो. एकही उत्तर नसेल, तर डब्यावर काहीही छापलेले असो, आपण कायमची खूण काढत आहोत असे समजावे. शाळांनी आपल्या कलावर्गात रंगवण्याच्या तासाइतकाच पुसण्याचा तास ठेवावा, स्पर्धांच्या आयोजकांनी मार्ग आखणाऱ्यांबरोबर मार्ग पुसणाऱ्यांचीही नावे ठरवावीत आणि पालिकांनी परवानगी देताना पुसण्याची तारीख लिहून घ्यावी. या तिन्ही गोष्टींना फारसा पैसा लागत नाही, आणि सार्वजनिक जागा सगळ्यांना आळीपाळीने वापरता यावी यासाठी त्या आवश्यक आहेत.